हरण्याचा पंचनामा

१

हरण्या मेला तेव्हा कोठ्यातले सगळे पाहुणे गाढ झोपले होते. पोटभर हुरडा, वर दही, वर शेंगदाण्याची चटणी आणि खिडकीतून येणारं पौषातलं उबदार ऊन. अशा दुपारी जागं राहायला माणूस एक तर आजारी हवा, नाहीतर गरीब. त्यामुळे चारच्या सुमाराला बाहेरून आरोळी आली तेव्हा मधुकररावांना ती स्वप्नातलीच वाटली.

"हरण्या पडला वो! धावा, हरण्या पडला!"

बायकोनं, कमलाबाईंनी, खांदा गदगदा हलवला तेव्हा ते उठले, चष्मा चाचपला आणि धोतर सावरत बाहेर आले.

धुऱ्यालगतच्या, शेताच्या बांधाजवळच्या कडुलिंबाखाली तो पांढराशुभ्र बैल आडवा पडला होता. पोट टम्म फुगलेलं, तोंडाला फेस, डोळे सताड उघडे. त्याच्या मानेशी लहानू गुडघे टेकून बसला होता. एका हातानं त्यानं बैलाचा जबडा धरला होता आणि दुसऱ्या हातात मातीचं गाडगं होतं. गाडग्यातलं तपकिरी, चिकट पाणी बैलाच्या जिभेवरून ओघळून मातीत मुरत होतं.

शेताचे मालक सदाशिवराव अनवाणीच धावत आले. त्यांनी आधी बैलाच्या दातांकडे पाहिलं, मग पलीकडच्या, ज्वारी कापून झालेल्या तुकड्याकडे, आणि सगळ्यात शेवटी लहानूकडे.

"काय पाजलं रे याला?"

"मालक, हा तिकून..."

"मी विचारलं, काय पाजलं?" सदाशिवरावांचा आवाज चिरकला. "विष पाजलं याने! माझ्या लेकराला विष पाजलं! धरा त्याला!"

लहानूच्या हातातलं गाडगं कुणीतरी हिसकावून घेतलं. त्यानं ते सोडलं. हरण्याचं डोकं मात्र त्यानं मांडीवरून खाली ठेवलं ते फार हलक्या हातानं, आणि ते फक्त मधुकररावांनी पाहिलं.

२

आता ही सगळी मंडळी इथं कशी जमली ते सांगायला हवं.

गिरडच्या टेकडीवरून खाली पाहिलं की दोन कोसांवर सदाशिवरावांचं शेत दिसायचं. मालगुजारीची जमीनदारी गेली, पण माणसांनी आपल्याकडे येऊन चार दिवस राहावं, वाहवा करावी, ही हौस काही गेली नव्हती. म्हणून त्यांनी दोन वर्षांपूर्वी शेतावरचा कोठा, म्हणजे गुराढोरांचा गोठा, साफ करून घेतला. भिंतींना चुना दिला, जमीन शहाबादी केली, मधे पडद्या घालून चार खोल्या पाडल्या आणि वर्ध्या-नागपूरच्या ओळखीच्या लोकांना कार्डं टाकली, 'शेतावरची हवा खायला या.' लोक यायलाही लागले. भिंतीलगतच्या गव्हाणी तेवढ्या त्यांनी तशाच ठेवल्या. जिथं हरण्या आणि सोन्या वर्षानुवर्षं कडबा खात उभे राहायचे, त्या गव्हाणीत आता कमलाबाईंची पत्र्याची ट्रंक होती, आणि दावं बांधायच्या खुंटीवर मधुकररावांचा टॉवेल. बैल बाहेर, कडुलिंबाखाली.

मधुकरराव वर्ध्याचे, नालवाडीतले. कोर्टात साक्षीदारांच्या जबान्या लिहून घेण्यात त्यांची तीस वर्षं गेली आणि गेल्याच वर्षी ते घरी बसले. निकाल द्यायचा साहेबानं, वाद घालायचा वकिलांनी. ह्यांनी फक्त लिहायचं. अक्षर असं की साहेबलोक कौतुकानं दुसऱ्याला दाखवीत. बायकोखेरीज जगात कुणाला उलट उत्तर दिल्याचं त्यांच्या लक्षात नव्हतं, आणि बायकोलाही ते मनातल्या मनातच देत. शेजारच्या खोलीत हिंगणघाटचा मोतीलाल उतरला होता. सरकीचा व्यापारी, पण जीव सगळा शंकरपटात. बैलांच्या शर्यतीसाठी त्याला हरण्या हवा होता. गेली दोन वर्षं तो मागत होता आणि सदाशिवराव नाही म्हणत होते.

पाहुण्यांचं पाणी भरायला लहानू होता आणि अंगण झाडायला त्याची बायको सुंदरा. सव्वा वर्षापूर्वी दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. घरातले देव नदीला गेले आणि त्याबरोबर मेलेली ढोरं ओढायचं कामही गेलं. दहा दिवसांपूर्वी सदाशिवरावांची म्हातारी गाय मेली तेव्हा त्यांनी सवयीनं लहानूला हाक मारली होती.

"ते काम आता होनार नाई मालक," लहानू म्हणाला होता. "दुसरं काईबी सांगा. पानी भरतो, मोट हाकतो. मेलेलं ढोर नाई ओढत."

शेवटी गाय ओढायला सदाशिवरावांनी स्वतः दोराला हात लावला आणि सगळं गाव बघायला जमलं. त्यानंतर त्यांनी लहानूला काढलं नाही, रागावलेही नाहीत. नुसतं बोलणं बंद केलं.

हे सगळं पाहुण्यांना पहिल्याच दिवशी हुरड्याच्या आगटीभोवती कळलं होतं. त्यामुळे हरण्या मेला तेव्हा गुन्हेगार कोण, हे कुणालाच कुणाला विचारावं लागलं नाही.

जमादारही लांबून आणावे लागले नाहीत. हुरड्याचं आवतण त्यांनाही होतं. पाचला सायकलवरून ते हजर झाले. बैल बघितला, गाडगं हुंगलं, तोंड वाकडं केलं.

"पंचनामा लिवा लागन," ते म्हणाले. "माहं अक्षर म्हंजे तुमाले तं माईतच हाये."

सदाशिवराव मधुकररावांकडे वळले. "आपल्याकडे तर अक्षराचा राजा बसलाय की!"

खोटं कशाला बोला, मधुकररावांना बरं वाटलं. वर्षभरानं कुणीतरी त्यांच्या अक्षराची आठवण काढली होती. मांडीवर फळी घेऊन ते बसले. उजव्या अंगठ्याला जरा ठणका होता. सकाळी फिरायला गेले तेव्हा धुऱ्याच्या बोरीवर लालचुटूक बोरं दिसली, ती काढताना बाभळीचा काटा खोल शिरला होता. कमलाबाईंनी सुईनं तो काढला, तरी टोक आत राहिलंच होतं. टाक धरला की कळ यायची.

"रात्री-बेरात्री भांडला होता का मालकासंगं?" जमादारांनी लहानूला विचारलं.

"भांडलो नाई जी. हा बैल त्या तुकड्यात..."

"इचारलं तेवढंच बोल! गाडगं कोनाचं?"

"माह्यंच."

"पाजलं कोनं?"

"मीच. पन साहेब..."

"लिवा," जमादार म्हणाले. "गाडगं आरोपीचं. पाजलं आरोपीनं."

मधुकरराव लिहीत होते. गाडग्याची उंची वीतभर, तोंड चार बोटं, आतील द्रव तपकिरी. लहानू बोलत होता, जमादार विडी पेटवत होते, मोतीलाल कपाळाला हात लावून बसला होता. बैलाचं वर्णन, जागेचं वर्णन, चतुःसीमा. सगळं झाल्यावर जमादारांनी घड्याळ बघितलं आणि मधुकररावांच्या हातानं सवयीनं ती शेवटची ओळ काढली. साहेबाला घाई झाली की ती ओळ यायचीच. तीस वर्षांत ती इतक्यांदा लिहिली होती की आता तिला मन लागत नसे.

'आरोपीस विचारणा केली असता आरोपीस काही सांगावयाचे नाही.'

खाली मोतीलालची सही झाली, मधुकररावांची झाली. लहानूनं कागदाकडे आदरानं बघितलं, अंगठा पुढे केला आणि टेकवला. जमादारांनी सायकलच्या पुढे त्याला चालत नेलं. सुंदरा झाडू हातात धरून बांधापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली.

मधुकररावांनी टाक पुसून ठेवला. तेव्हा त्यांचं लक्ष जिथं ते पाणी सांडलं होतं तिथल्या मातीकडे गेलं. ती माती हलत होती.

३

मुंग्या होत्या.

काळ्या मुंग्यांची बोटभर जाड रांग कडुलिंबाच्या बुंध्यातून निघून त्या ओल्या मातीवर तुटून पडली होती. सकाळी मधुकरराव पुन्हा पाहायला आले, तर रांग दुप्पट झालेली. एकही मेलेली नाही. सगळ्या धष्टपुष्ट, आपापल्या कामात.

त्यांनी बोटाच्या टोकानं माती उचलली, इकडं तिकडं पाहिलं आणि जिभेला लावली. गूळ!

पाण्यात कालवलेला गूळ. लहानूनं बैलाला गूळपाणी पाजलं होतं. मरणाऱ्या बैलाला कुणी गूळ कशाला पाजेल? मधुकरराव शहरात वाढलेले. बैल म्हणजे त्यांच्या लेखी दमणीच्या, त्या छपराच्या बैलगाडीच्या, पुढं दिसणारी दोन ढुंगणं. त्यांना याचं उत्तर येईना, आणि कुणाला विचारावं तेही कळेना. अशा वेळी ते नेहमी करत तेच त्यांनी केलं. कमलाबाईंना सांगितलं.

"मग विष कुठलं?" कमलाबाई म्हणाल्या.

"तेच तर."

"तेच तर काय! जा, विचारा लोकांना. आयुष्यभर दुसऱ्यांनी विचारलेलं लिहिलंत, आता एकदा स्वतः विचारा."

पहिला सापडला मोतीलाल. ओट्यावर दात घासत बसला होता, डोळे सुजलेले.

"तुम्ही हरण्यामागे होता म्हणे," मधुकरराव अडखळत म्हणाले.

"मंग काय, मी मारला?" मोतीलाल भडकला नाही, उलट त्याला हुंदका आला. "अहो साहेब, मले तो पटात पळवाचा होता. मेलेला बैल घेऊन मी काय करू? असा बैल हिंगनघाटात नाई, नागपुरात नाई. काल मी त्याच्या खड्ड्यात स्वतः मीठ टाकलं."

"लगेच पुरला?"

"लगेच. ढोराच्या डाक्टरले बोलवू म्हनलं, तं सदाशिवराव म्हनते, माह्या लेकराची चिरफाड नाई करू देत. असो, त्याचा बैल, त्याचा जीव." मोतीलालनं चूळ भरली. "एक गोष्ट मले समजली नाई. बैल पुरून राह्यलो आमी, अन् हा मानूस तीन बाया लावून पलीकडचा तुकडा कापून राह्यला! हिरवागार चारा, गुडघाभर. आन् तो सगळा कुठं टाकला, माईत हाये? बैलाच्याच खड्ड्यात! घरी सोन्या हाये, चार गाई हाये, आन् हा हिरवा चारा पुरते. दुःखानं डोकं फिरलं असन, म्हनून मी बोललो नाई."

मधुकरराव तसेच धुऱ्याकडे गेले. काल दुपारी जो तुकडा हिरवा होता तो आज भुंडा होता. मुळापासून खुरपून काढलेला, एक पात शिल्लक नाही. दिवाळीच्या पाहुण्यांसाठी इथली ज्वारी हुरड्याला आधीच कापली होती, हे त्यांना सदाशिवरावांनीच सांगितलं होतं. मधे अवकाळी पाऊस पडला आणि खुंटांना पुन्हा पालवी फुटली. तुकड्याभोवती बाभळीच्या काट्यांचं भक्कम कुंपण होतं. रिकाम्या तुकड्याला कुंपण! पिकाला मात्र कुठेच नव्हतं.

आणि मग त्यांना पहिल्या दिवसाची दमणी आठवली.

४

टिकाराम सोन्याला पाणी पाजत होता. एकटा बैल पाण्यावर मान घालायचा आणि पुन्हा वर करून शेजारी बघायचा. टिकाराम सदाशिवरावांचा सालदार. वर्षाच्या बोलीनं बांधलेला गडी. काल दुपारी तो सोन्याला नाल ठोकायला गिरडला घेऊन गेला होता, तेवढ्यात हे झालं.

"टिकाराम, परवा आम्हाला दमणीतून आणलंस तेव्हा त्या तुकड्याजवळची सरळ वाट सोडून सगळ्या शेताला वळसा घातलास. का?"

टिकारामनं बादली खाली ठेवली.

"बैल तिकून नेत नाई जी."

"का?"

"नाई नेत."

"टिकाराम," मधुकरराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला, "गुळाचं पाणी कशावर देतात?"

टिकारामनं त्यांच्याकडे पाहिलं. मग मालकाच्या घराकडे. मग तो सोन्याच्या पाठीवर हात ठेवून, बैलाशीच बोलावं तसं बोलायला लागला.

"कापलेल्या ज्वारीले फुटवे येते, साहेब. दिसाले लय गोड. पन पानी कमी पडलं का त्यात जहर भरते. ढोरानं चार घास खाल्ले का घडीभरात आडवं. लगीच गूळपानी पोटात गेलं तं एखांदं वाचते. हे इथल्या शेंबड्या लेकराले बी माईत हाये. म्हनून तं काट्याचं कुंपन केलं आमी. मीच केलं, माह्या हातानं."

"म्हणजे काल बैल बघितल्याबरोबर..."

"दातात हिरवं होतं जी. मी गिरडावरून आलो, पाह्यलं, समजलं. मालकालेबी समजलं. सगळ्याईले समजलं."

"आणि कुणी बोललं नाही?"

"मालक बोलले नाई. मंग मी काऊन बोलू?" टिकारामच्या डोळ्यात पाणी आलं. "माही बी चार लेकरं हाये. कोठा राह्यला असता, तं दुपारच्याले बैल गव्हानीशी बांधला असता. आता कुठं बांधू? सोडून देतो धुऱ्यावर. कुंपन होतं म्हनून सोडला, साहेब. कुंपन कसं उघडलं, ते मले अजून समजून नाई राह्यलं."

मधुकररावांच्या मनात सगळं जागच्या जागी बसलं. मुंग्या, वळसा, पुरलेला चारा. विष पाजणारा कुणी नव्हताच. एका माणसाला विष कशाचं ते कळलं, त्यानं घरातला गूळ आणून बैलाच्या घशात ओतला, आणि तेवढ्याच एका माणसाला जमादारांनी नेलं.

ते तडक सदाशिवरावांकडे निघाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उत्तर माहीत होतं.

सदाशिवराव ओट्यावर चहा पीत होते. मोतीलाल होता, कमलाबाईही येऊन उभ्या राहिल्या. मधुकररावांनी एकेक गोष्ट सांगितली. न अडखळता सांगितली. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. सदाशिवरावांनी एकदाही तोडलं नाही. चांगल्या यजमानासारखं सगळं ऐकून घेतलं, बशी खाली ठेवली.

"बरं. समजा, फुटवेच खाल्ले. पण कुंपण होतं ना? बैल काही काटे उचलून बाजूला ठेवत नाही. ते कुणी उघडलं असेल?"

मधुकररावांनी धुऱ्याकडे पाहिलं.

"तुमचा अंगठा कसा आहे?" सदाशिवरावांनी मायेनं विचारलं.

५

बोरीचं झाड त्या तुकड्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात होतं. बोरं काढायला मधे काट्याची एक फांदी आडवी आली होती. मधुकररावांनी ती काठीनं ओढली, मग हातानं ओढली, काटा शिरला, 'आई गं' केलं, ओंजळभर बोरं रुमालात बांधली आणि अंगठा चोखत परत आले. फांदी? फांदी कुठं ठेवली ते त्यांना आठवेना. आठवायचं कारणही नव्हतं. शहरातल्या माणसाला काट्याची फांदी म्हणजे वाटेतला अडथळा.

"मी काल सकाळीच माडीवरून बघितलं होतं," सदाशिवराव म्हणाले. "गडी पाठवून बंद करवून घेऊ म्हटलं, आणि विसरलो. पाहुण्याला काय बोलायचं? मी तुमचीच लाज राखली, मधुकरराव. सरकारी माणूस तुम्ही. उद्या गावभर झालं असतं, कोर्टातल्या साहेबानं बैल मारला. आणि लहानूचं काय, आठ दिवसांत सुटून येईल. जरा नरमाईनं वागायला शिकेल."

मोतीलालनं आपला चहा न पिताच खाली ठेवला. मधुकररावांना लाज वाटली, भीती वाटली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे क्षणभर सदाशिवरावांविषयी कृतज्ञता वाटली. ती त्यांना पुढं कधी विसरता आली नाही.

"काटा मी काढलाय," कमलाबाई म्हणाल्या. "मी सांगेन. नाहीतर तुम्ही सांगा. पण ठाण्यात चला."

मोतीलालनं आपली मोटर काढली. गाडी फाटकातून निघाली तेव्हा सुंदरा आडवी आली. ती वाकली नाही, रडलीही नाही. हातात फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी होत्या.

"ठान्यात जाता ना जी? हे देजा त्यायले. आन् सांगजा, गूळ संपला म्हनून चिंता नोको करू. बिनागुळाचा चहा पेतो म्हना आमी."

ठाण्यात जमादारांनी उठून खुर्ची दिली. सगळं ऐकलं. हसले नाहीत, एवढं त्यांचं भलं म्हणायचं.

"साहेब, तुमी म्हनता तसंच असन. पन कागद काल रातीच वर गेला. आता मी काय करू?"

"मी दुसरा लिहून देतो. कुंपण मी उघडलं. बैल माझ्यामुळे मेला."

"बैल पुरला. चारा पुरला. मालक म्हनते इख पाजलं. टिकाराम बोलन?"

टिकारामच्या डोळ्यातलं पाणी मधुकररावांनी पाहिलं होतं, आणि चार लेकरांचा हिशेबही ऐकला होता.

"आन् पैल्या कागदावर अक्षर तुमचं," जमादार म्हणाले, "सही तुमची. काल एक लिवलं, आज दुसरं लिवता. वकील तुमालेच खोटं पाडन. तुमाले काय सांगाचं, तुमची तं जिंदगी गेली तिथं."

खरंच होतं. असे किती कागद त्यांनी पाहिले होते! उशिरा आलेला, पहिल्याशी न जुळणारा कागद. साहेब तो एका बोटानं बाजूला सारत असे, आणि तो फाइलच्या तळाशी नीट लावून ठेवायचं काम मधुकररावांचं असे.

"मला त्याला भेटू द्या."

लहानू गजाआड भिंतीला टेकून बसला होता. मधुकररावांना पाहून तो चटकन उठला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. होती ती वाट बघण्याची निवांत खात्री.

"कागद वाचला का जी साहेबाईनं?"

"लहानू, तू काल सांगायला हवं होतंस. फुटव्यांचं. मोठ्यानं सांगायचं होतंस."

लहानूला काही समजलं नाही.

"सांगतलं ना जी! सगळंच सांगतलं. कुंपन उघडं होतं, हरण्या फुटव्यात घुसला, मी पानी घेऊन चाललो होतो, त्याले बाहेर हाकललं. मंग तो झुलाले लागला तं घरी पयालो, गूळ आनला. जमादार विडी पीत होते तवा सांगतलं. तुमी लिहून राह्यले होते ना." तो जरा हसला. "जमादार नाई आयकत, हे मले माईत हाये. पन तुमचा हात चालूच होता. म्हनलं, चला, हा साहेब लिहून राह्यला माह्यं. म्हनून तं अंगठा देल्ला."

मधुकररावांनी गजाला धरलं. त्यांना ते गाडगं आठवलं. उंची वीतभर, तोंड चार बोटं. त्या वेळी कानावर एक आवाज पडत होता खरा. तसा आवाज तीस वर्षं कानावर पडतच होता. समोर माणसं उभी राहायची, बोलायची, ह्यांच्या हाताकडे बघायची आणि समाधानानं गप्प व्हायची. त्यातल्या किती जणांना वाटलं असेल की आपलंच लिहितायत?

त्यांनी जमादारांकडून एक कोरा कागद मागून घेतला. जमादारांनी तो दिला, कारण कोऱ्या कागदाला काय लागतं. मग मधुकरराव, धोतर मळेल याचा विचार न करता, गजाबाहेर फरशीवर बसले.

"सांग," ते म्हणाले. "सकाळपासून सांग. हळू सांग."

लहानू सांगत गेला. ते लिहीत गेले. अंगठ्यातला काटा प्रत्येक ओळीला टोचत होता आणि नेहमीचं ते देखणं अक्षर आज वेडंवाकडं पडत होतं. त्यांनी एक शब्द गाळला नाही, सुधारला नाही. 'पयालो'ला 'पळालो' केलं नाही. शेवटी सगळं वाचून दाखवलं. लहानू मान डोलवत ऐकत राहिला. आपलं बोलणं कागदावरून परत येतं, हे त्याला नवीन होतं.

"बराब्बर," तो म्हणाला. "असंच झालं." त्यानं अंगठा पुढं केला. जमादारांनी शाईची डबी कपाटात ठेवून कुलूप घातलं होतं. त्या कागदाला ती मिळणार नव्हती. लहानूनं अंगठा मागं घेतला. दाराशी कमलाबाई भाकरीचं फडकं हातात घेऊन उभ्या होत्या.

"आता हा कागद कोनाले द्याचा जी?" लहानूनं विचारलं.

कोर्टात तीस वर्षं काढलेल्या मधुकररावांनी कागदाची घडी घातली आणि पुन्हा उलगडली.